आणखी एका सीमाभागात

माझ्या सासूबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही शहापूरचंच. त्या जन्मल्या तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. लग्न झालं तेव्हा ते मुंबई राज्यात आलं होतं. मुलं झाली म्हैसूर राज्यात आणि त्या वारल्या कर्नाटकात. हे सगळं मी आल्यागेल्याला कौतुकानं सांगत असे, कारण अशी दुसरी बाई कुणाच्या पाहण्यात नसायची. गेल्या मे महिन्यात फ्रान्समधल्या एका खेड्यात स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून मी तेच सांगितलं, तेव्हा समोरच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजीबाई हसल्या आणि म्हणाल्या, "माझी आई १९१२ साली ह्याच घरात जर्मन म्हणून जन्मली. सहा वर्षांची झाली तेव्हा फ्रेंच झाली. १९४० साली पुन्हा जर्मन आणि १९४५ साली पुन्हा फ्रेंच."

पण आधी गाडीबद्दल सांगते.

माझा मुलगा आणि सून जर्मनीत फ्रायबुर्गला असतात. सून धारवाडची, कन्नड घरातली. यंदा योग असा आला, की मी आणि माझ्या विहीणबाई एकाच महिन्यात तिकडे होतो. मी त्यांना अक्का म्हणते. आमचे हे गुडघ्यांमुळे बेळगावातच राहिले. मुलानं तीन दिवसांची सुट्टी काढली आणि ऱ्हाईन नदीपलीकडच्या आल्सास प्रांतातली जुनी खेडी दाखवतो म्हणाला. पुढे तो आणि सून, मागे एका खिडकीशी मी, दुसऱ्या खिडकीशी अक्का आणि मध्ये सात वर्षांचा नातू. एका बाजूला आजी आणि दुसऱ्या बाजूला अज्जी.

मधल्या त्या जागेवरून आमच्या घरात थोडं रामायण झालेलं आहे. नातू जन्मला तेव्हा त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं, हा प्रश्न निघाला. बापाची भाषा ती पोराची भाषा, असं मी ठासून सांगितलं. तीन वर्षांचा होईपर्यंत कन्नड नको, पोराचा गोंधळ होईल, असंही म्हटलं. सून काही बोलली नाही. अक्काही बोलल्या नाहीत, पण पुढचे दोन सण त्यांचा फोन आला नाही. शेवटी मुलानं आणि सुनेनं भांडण नको म्हणून घरात इंग्रजी सुरू केलं. बाहेर जर्मन आणि घरात इंग्रजी. मला ते बोचत होतं, पण बोलणार कुणाला? सुरुवात मीच केली होती.

फ्रायबुर्गहून अर्ध्या तासात ब्राइझाख गाव येतं. तिथे ऱ्हाईनवरचा पूल ओलांडला की फ्रान्स. आम्ही पासपोर्ट मांडीवर घेऊन बसलो होतो, पण कुणी अडवलं नाही. नुसती पाटी गेली. पलीकडे गाव लागतं नफ-ब्रिझाक. १६९७ च्या तहानं ब्राइझाखचा किल्ला फ्रेंचांच्या हातून गेला, म्हणून चौदाव्या लुईनं अलीकडे हा नवा बांधून घेतला. वोबाँ नावाच्या त्याच्या किल्लेकारानं कागदावर अष्टकोनी तारा काढावा तसं हे गाव आखलं. आमच्या बेळगावच्या किल्ल्याचा खंदक आठवत आम्ही तटावरून फिरलो. अक्का म्हणाल्या, "नदी एक, गावं दोन, नावही जवळजवळ एकच." खरंच आहे. जुना ब्रिझाक तिकडे आणि नवा इकडे.

आल्सासमधून 'वाईन रूट' म्हणून सुमारे १७० किलोमीटरचा रस्ता जातो. १९५३ साली त्याची आखणी झाली. डाव्या हाताला व्होज डोंगर, उतारावर द्राक्षाचे मळे आणि दर तीनचार किलोमीटरला एक खेडं. आपल्याकडे निपाणीच्या बाजूला तंबाखू जसा क्षितिजापर्यंत दिसायचा तशी इथे द्राक्षं. एक सांगून ठेवते. जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत पोचा. दहानंतर बसेस येतात आणि गल्लीत उभं राहायला जागा उरत नाही. डिसेंबरात नाताळचा बाजार असतो तेव्हा तर नकोच.

एगिसहाइमची रचना गमतीची. मध्ये छोटा किल्ला आणि त्याच्याभोवती गोल गोल गल्ल्या, कांद्याच्या पाकळ्यांसारख्या. चालत राहिलो आणि पंधरा मिनिटांनी होतो तिथेच आलो. घरं सगळी लाकडी सांगाड्याची. उभे, आडवे, तिरपे वासे, मधल्या जागेत माती आणि पेंढा थापून वर चुना. आमच्या खानापूरकडच्या जुन्या मातीच्या भिंती पाहिलेल्याला यात परकं काही वाटू नये. इथे पूर्वी असं घर स्थावर नव्हे तर जंगम मालमत्ता धरत. खुंट्या काढून सांगाडा उतरवायचा, गाडीत घालायचा आणि दुसऱ्या गावात उभा करायचा. ज्यांची सरकारंच बदलत राहिली त्यांना ही सोय बरी होती, असं मी म्हटलं तर मुलगा म्हणाला, "आई, घर हलवून कुठं जाणार? दोन्हीकडून तेच येत होते."

रिकवीर हे गाव सगळ्यांत प्रसिद्ध. १२९१ सालचा दोल्देर नावाचा बुरूज अजून वेशीवर उभा आहे. दरवाजांच्या दगडी चौकटींवर सोळाव्या शतकातली सालं आणि मालकाच्या धंद्याची खूण कोरलेली दिसते. पण मला त्याहून जास्त आठवतं ते तीन-चार किलोमीटरवरचं बेनवीर, जिथे एकही बस थांबत नाही. १९४४ च्या डिसेंबरात इथे लढाई झाली आणि गाव जवळजवळ पूर्ण भुईसपाट झालं. आता घरं नवी, सरळ रेषेतली. चर्चही नवं, एका बाजूची भिंत रंगीत काचांची. एक गाव चित्रासारखं राहिलं आणि शेजारच्याचा दगडावर दगड उरला नाही. यात कुणाची पुण्याई नव्हती, नुसती तोफांची दिशा होती.

मुक्काम युनावीरजवळच्या एका खेड्यात, त्या आजीबाईंच्या घरी. वरच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. दार उघडून म्हणाल्या, "बोंजूर बिसाम!" मुलगा हसला. बोंजूर हे फ्रेंच आणि बिसाम म्हणजे 'सगळ्यांना', हे आल्साशियन. ही त्यांची बोली जर्मनच्या कुळातली. एका नमस्कारात दोन भाषा! शहापुरातल्या कापडाच्या दुकानात गेल्यासारखं वाटलं मला.

आजीबाईंना इंग्रजी येत नव्हतं. जर्मन मात्र येत होतं, त्यामुळे नातू दुभाषी झाला. त्यांनी रात्री पोळीसारखी पातळ लाटून त्यावर साय आणि कांदा घालून भट्टीत भाजली. त्यावर एरवी डुकराचं मांस घालतात, ते अक्कांसाठी वगळलं. पूर्वी पाव भाजायच्या आधी भट्टी किती तापली ते बघायला हे करत, असं त्या म्हणाल्या. "म्हणजे तव्यावरचा पहिला दोसा!" अक्का म्हणाल्या. दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, म्हणून मी फ्रायबुर्गच्या दुधाचाच कुंदा घोटून आणला होता. आजीबाईंनी दोनदा घेतला. अक्का धारवाडच्या, त्यामुळे पेढ्याचा विषय निघालाच.

भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता. नातवानं विचारलं, कोण? ते त्यांचे वडील. १९४० साली हिटलरच्या सैन्यानं आल्सास घेतलं. फ्रेंच बोलायला बंदी आली, दुकानांच्या पाट्या, रस्त्यांची नावं, माणसांची नावंसुद्धा जर्मन केली. फ्रेंच पद्धतीची बेरे टोपी घालायलाही मनाई होती. ऑगस्ट १९४२ पासून तिथल्या तरुणांना सक्तीनं जर्मन सैन्यात भरती केलं गेलं. आल्सास आणि शेजारचा मोझेल मिळून सुमारे एक लाख तीस हजार. बहुतेकांना रशियाच्या आघाडीवर पाठवलं. 'आमच्या मनाविरुद्ध' अशा अर्थाच्या नावानं तिकडे त्यांना ओळखतात. आजीबाईंचे वडील गेले तेव्हा त्या दोन वर्षांच्या होत्या. त्यांतला शेवटचा माणूस रशियातून परतला १९५५ साली. तोपर्यंत त्यांची आई रात्री मागच्या दाराला कडी लावत नसे. वडील आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावातलं स्मारक दाखवलं. फ्रान्सच्या इतर गावांत अशा दगडावर 'फ्रान्ससाठी मेलेल्यांना' असं लिहिलेलं असतं. आल्सासमध्ये अनेक ठिकाणी नुसतं 'आमच्या मृतांना'. कोणत्या गणवेशात मेले ते लिहायचं कसं?

हे सगळं नातू ऐकत होता आणि सांगत होता. आजीबाईंकडे वळून जर्मनमध्ये विचारायचा, माझ्याकडे वळून इंग्रजीत सांगायचा, मग अक्कांकडे वळून कन्नडमध्ये. मोडकंतोडकं, क्रियापदं धारवाडची आणि मध्येच जर्मन शब्द, पण कन्नड. "अज्जी, नोड इल्ली," म्हणून त्यानं दगडावरचं नाव बोटानं दाखवलं. मी ऐकतच राहिले. हे कधी शिकला? मी सुनेला विचारलं, जरा टोचूनच. ती म्हणाली, "मी नाही शिकवलं, आई. आईंना इंग्रजी येत नाही ना. फोनवर त्याला दुसरा इलाजच नाही."

मी तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. नातू फोनवर इंग्रजीत बोलायचा आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. त्याचा उच्चार सुधारायचे. शेजारणींना ऐकवायचे. मराठीचा आग्रह मी धरला आणि कन्नड टिकलं ते अक्कांच्या अडाणीपणामुळे, असं मनात आलं. 'अडाणी' हा शब्द मनात आला याचीही मग लाज वाटली.

त्या रात्री आजीबाईंनी जे सांगितलं ते नातवाला झोपवून मुलानं भाषांतर केलं. युद्धानंतर शाळेत आल्साशियन बोललं की शिक्षा व्हायची. फ्रेंच बोलणं ऐटीचं, अशा अर्थाची पत्रकं सगळीकडे लागली होती. त्यांना मुलगा झाला तेव्हा त्यांनी ठरवलं, ह्याला मार बसायला नको. त्याच्याशी फक्त फ्रेंच बोलल्या. त्यांची आई म्हातारपणी आजारी पडली आणि शेवटच्या दोन वर्षांत फ्रेंच विसरली. तोंडात फक्त जुनी बोली राहिली. पतवंडं पलंगाशी उभी राहून विचारायची, "काय म्हणते ती?" आजीबाई मध्ये बसून सांगायच्या. "आता मी आजारी पडले," त्या म्हणाल्या, "तर मध्ये बसायला कोण आहे?" आता काही शाळांत दोन्ही भाषांचे वर्ग आहेत. पण ते प्रमाण जर्मनचे, स्वयंपाकघरातल्या बोलीचे नव्हेत, असं त्यांचं म्हणणं.

शेवटच्या दिवशी आम्ही कायझर्सबेर्गला गेलो. डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांचं हे जन्मगाव. ते १८७५ साली जन्मले तेव्हा गाव जर्मनीत होतं. आफ्रिकेत फ्रेंच वसाहतीत त्यांनी दवाखाना काढला आणि १९१४ साली युद्ध सुरू होताच तिथल्या फ्रेंचांनी त्यांना शत्रूचा नागरिक म्हणून पहाऱ्यात ठेवलं. पुढे १९५२ सालचं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. भारतीय तत्त्वविचारावर त्यांचं एक पुस्तक आहे, तेवढं मला ठाऊक होतं. ते सीमाभागातले, हे ठाऊक नव्हतं.

परतताना युनावीरला थांबलो. टेकडीवर तटबंदी असलेलं चर्च आहे. १६८७ पासून कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघंही तेच वापरतात. खाली करकोच्यांचं केंद्र आहे. १९७० च्या दशकात आल्सासमध्ये करकोच्यांच्या मोजक्याच जोड्या उरल्या होत्या. १९७६ मध्ये हे केंद्र निघालं आणि आता धुराड्याधुराड्यावर घरटी दिसतात. मे महिना, पिलं मान वर काढून बसलेली. अक्का म्हणाल्या, "कोक्करे!" आणि मंड्याकडच्या कोक्करे बेळ्ळूरची गोष्ट सुरू झाली. तिथे गावातल्याच झाडांवर चित्रबलाक घरटी करतात आणि गावकरी त्यांना माहेरवाशिणींसारखं जपतात.

नातवानं माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, "आणि तुझ्या भाषेत?"

"काय म्हणालास? मला कळलं नाही," मी मराठीत म्हटलं.

त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "आजी, यू नो इंग्लिश."

"नाही येत," मी म्हटलं. आरशात सून हसताना दिसली.

बेळगावला परतल्यावर पहिल्या रविवारी त्यानं दोन मिनिटांत फोन आईकडे दिला. दुसऱ्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी फोन वाजला तो धारवाडहून, अक्कांचा. म्हणाल्या, नातवाचा आत्ताच फोन येऊन गेला. त्याला सायकलवरून पडलेलं मला सांगायचंय, पण 'गुडघा खरचटला' याला मराठीत काय म्हणतात ते त्यानं त्यांना कन्नडमध्ये विचारलं. "मला गुडघा येतो," अक्का म्हणाल्या, "पुढचं तुम्ही सांगा."