नारिंगी गणवेशातले अतिमानव

डिसेंबर २००८पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये समाजसेवेची शिक्षा भोगणाऱ्यांना भडक नारिंगी बंडी घालावी लागू लागली. तिच्यावर ‘कम्युनिटी पेबॅक’ ही अक्षरे छापलेली असत. रस्ता झाडणारा हा पोरगा गुन्हेगार आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दुरूनच कळावे, हा त्यामागचा उघड हेतू होता. वर्ष पुरे व्हायच्या आत, १२ नोव्हेंबर २००९ला, ‘ई-फोर’ या ब्रिटिश वाहिनीवर हॉवर्ड ओव्हरमन यांची ‘मिसफिट्स’ ही मालिका सुरू झाली. तिच्या पाचही नायक-नायिकांच्या अंगावर शिक्षेचे नारिंगी कपडेच होते. विशीच्या उंबरठ्यावरची पाच वाया गेलेली पोरे वादळात सापडतात आणि त्यांना अतिमानवी शक्ती मिळतात, एवढेच ऐकले तर ही अमेरिकी कॉमिक्सची टिंगल वाटेल. मला ती तशी वाटत नाही. पोरांकडे आधी संशयाने पाहायचे आणि मग त्यांच्याकडून सद्वर्तनाची अपेक्षा धरायची, या रीतीवर या मालिकेच्या काळ्या विनोदाचा खरा रोख आहे.

तो संशय किती खोल गेला होता, हे त्या दशकाकडे पाहिले की कळते. ब्रिटिश संसदेने १९९८मध्ये केलेल्या एका कायद्याने ‘समाजविघातक वर्तन आदेश’, म्हणजे बोलीभाषेतला ‘अ‍ॅस्बो’, जन्माला घातला. दहा वर्षांच्या मुलावरही तो बजावता येत असे. आदेश दिवाणी स्वरूपाचा, पण तो मोडला तर फौजदारी गुन्हा, आणि शिक्षा कमाल पाच वर्षे कैद. म्हणजे जी गोष्ट इतर कोणी केली तर गुन्हा ठरत नाही, तीच एखाद्या ठरावीक मुलासाठी गुन्हा ठरू शकत असे. २००५मध्ये केंट परगण्यातल्या ब्लूवॉटर या प्रचंड बाजारसंकुलाने डोक्यावर टोपडे ओढलेल्या ‘हूडी’वाल्यांना बंदी घातली. त्याच सुमारास फक्त तरुण कानांना ऐकू जाणारा कर्कश आवाज सोडणारे ‘मॉस्किटो’ नावाचे यंत्र दुकानांबाहेर बसू लागले. पोरांना डासांसारखे हाकलण्याचे यंत्र बाजारात मिळते, याचे फारसे नवल कोणाला वाटत नव्हते, आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. आपल्याकडेही १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही एक शिक्षा म्हणून आली आहे. त्यामुळे हा विषय मराठी वाचकाला अगदीच परका नाही.

आता पोरांना मिळालेल्या शक्ती पाहा. सायमनकडे कोणी लक्षच देत नाही. तो अदृश्य होतो. केलीच्या बोलण्यावरून आणि कपड्यांवरून लोक तिची लायकी ठरवून मोकळे होतात. तिला लोकांच्या मनातले ऐकू येऊ लागते. कर्टिस हा ऑलिंपिकची स्वप्ने पाहणारा धावपटू, कोकेनसह सापडून बदनाम झालेला. पश्चात्ताप अनावर झाला की त्याच्याकडून काळ मागे फिरतो. आपल्या देखणेपणावर विसंबलेल्या अलिशाला नुसता स्पर्श झाला तरी समोरचा वासनेने पिसाटतो, आणि तिला कोणाजवळ जाणेच अशक्य होऊन बसते. आईने घराबाहेर काढलेला वाचाळ नेथन पहिल्या पर्वाच्या शेवटी मरतो आणि शवपेटीत जागा होतो. तो अमर आहे. १९६२मध्ये अवतरलेल्या स्पायडरमॅनपासून किशोर अतिमानवाच्या कथेत शक्ती हे वरदान असते आणि त्यासोबत कर्तव्य येते. इथे मात्र जगाने मारलेला शिक्काच शक्ती होऊन अंगावर उमटतो. वादळाने या पोरांना नवे असे काही दिले नाही. जे होते तेच वाढवून दिले.

त्याच वादळात प्रोबेशन अधिकारी टोनीही सापडतो. समाजाचे ऋण फेडण्यावर नुकतेच प्रवचन देऊन झालेला हा सरकारी माणूस सर्वांत आधी हिंस्र पशू बनतो आणि त्यांच्याबरोबर शिक्षा भोगणाऱ्या सहाव्या मुलाचा जीव घेतो. पोरे स्वसंरक्षणात त्याला मारतात आणि पुरून टाकतात. पोलिसांकडे न जाण्याचे त्यांचे कारण साधे असते: आपल्यावर विश्वास कोण ठेवणार? प्रेत लपवण्याच्या त्यांच्या धांदलीला आपण हसतो, पण त्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसते. नावडतीचे मीठ अळणी, हे त्या पोरांना अनुभवाने ठाऊक आहे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. पहिल्याच पर्वात दोन प्रोबेशन अधिकारी मरतात. मग मालिका त्या संशयालाच पुष्टी देत नाही का? इथे दुसरी अधिकारी सॅली हिच्याकडे पाहावे लागते. ती टोनीची वाग्दत्त वधू, त्याचा शोध घेत आलेली. तिचे दुःख मालिका हसण्यावारी नेत नाही, आणि तिचा मृत्यू ज्याच्या हातून घडतो त्या सायमनवरून त्याचे ओझे उतरू देत नाही. पोरे निष्पाप आहेत, असा दावा ओव्हरमन कुठेच करत नाहीत. माणूस म्हणून वागवले जाण्यासाठी निष्पाप असावे लागते, ही अटच ते नाकारतात. कर्टिसचा भाग याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. तो काळ मागे नेऊन आपली अटक टाळतो, पण मग समाजसेवेच्या केंद्रात तो नसल्यामुळे टोनी इतरांना मारतो. तेव्हा कर्टिस पुन्हा मागे जातो आणि जाणूनबुजून पकडला जातो. ज्यांच्याशी जेमतेम ओळख, अशा पोरांसाठी तो आपले ऑलिंपिक गमावतो, आणि त्याचे कौतुक करायला कोणीही नसते.

दुसरा आक्षेप मला खोडता येत नाही. अलिशाच्या शक्तीमुळे संमतीचा जो गंभीर प्रश्न उभा राहतो, तो मालिका अनेकदा विनोदात उडवून लावते. इतरांच्या जखमांना दिलेला वेळ तिने अलिशाच्या जखमेला दिला नाही. तो दोषच आहे.

चित्रण झाले ते लंडनच्या आग्नेयेकडच्या थेम्समीड या काँक्रीटच्या वसाहतीत. तिथल्या साउथमियर तलावाकाठीच स्टॅन्ली कुब्रिक यांनी ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (१९७१) या चित्रपटाचा काही भाग चित्रित केला होता. त्यात सरकार एका गुंड मुलाला बळजबरीने सज्जन करते. ‘मिसफिट्स’च्या पहिल्या पर्वाच्या अखेरीस रेचल नावाची मुलगी आपल्या शक्तीने वस्तीतल्या तरुणांना दारू आणि शरीरसुख सोडायला लावते, आणि सगळे नीटनेटके, गोड बोलणारे, रिकाम्या डोळ्यांचे होतात. गच्चीवरून नेथन त्यांच्यापुढे चुका करण्याच्या हक्काची बाजू मांडतो. तो भाग पाहताना कायद्याला हवा असलेला आदर्श तरुण हाच का, असे विचारावेसे वाटते.

पुढे मूळचे कलाकार एकेक करून गेले आणि शेवटच्या दोन पर्वांत ही धार बोथट झाली. तरी २०१०चा सर्वोत्तम नाट्यमालिकेचा ‘बाफ्टा’ पुरस्कार मालिकेला मिळाला तो योग्यच होता. तिने निर्माण केलेल्या खऱ्याखुऱ्या नायकाचे, भविष्यातून आलेल्या सायमनचे, नाव आहे ‘सुपरहूडी’. ब्लूवॉटरच्या दारातून ज्या टोपड्यामुळे पोरांना परत पाठवले जाई, तेच टोपडे त्याच्या डोक्यावर आहे. मालिकेचा शेवटचा भाग ११ डिसेंबर २०१३ला दाखवला गेला. इंग्लंड आणि वेल्समधले ‘अ‍ॅस्बो’ मोडीत काढणारा कायदा त्यानंतर तीन महिन्यांनी, मार्च २०१४मध्ये, संमत झाला.