दहाचं नाणं चालतं, ताई!

बडनेऱ्याच्या बाजारात मेथीची जुडी घेऊन दहाचं नाणं पुढे केलं, की कधीकधी उत्तर येतं, "हे चालत नाही जी, नोट द्या." आपणही मुकाट्याने नोट काढतो आणि नाणं घरी डब्यात जाऊन पडतं. अशी डब्यात अडकलेली शे-दोनशेची रक्कम कितीतरी घरांत सापडेल.

त्यातलं एखादं नाणं नीट बघा. त्यावर वाघ आणि ताडाचं झाड आहे? मग ते रिझर्व्ह बँकेच्या पंच्याहत्तरीचं. ही बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. २०१० मध्ये त्यानिमित्त १, २, ५ आणि १० रुपयांची नाणी निघाली. सोबत चांदी मिसळलेलं ७५ रुपयांचं नाणंही निघालं, पण ते हौशी संग्राहकांसाठी. २०२४ मध्ये नव्वदीला तर ४० ग्रॅम शुद्ध चांदीचं ९० रुपयांचं नाणं काढलं. ते काही भाजीबाजारात यायचं नाही!

दहाचं नाणं मात्र वापरायसाठीच आहे. दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं, ₹ चं चिन्ह नसलं तर नकली, अशा अफवा गावोगाव पसरल्या. शेवटी १७ जानेवारी २०१८ ला रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं, की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही प्रकार चालतात. १ रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत देता येतात. दुकानदार अडूनच बसला तर बँकेत भरा. बँकेने ती घ्यायचीच असतात.

दुसरी गंमत मोबाइलवरची. "वाघाचं नाणं आहे? लाखो रुपये मिळतील, आधी थोडं कमिशन पाठवा." पाठवलं की पैसे गेले! रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे चार्जेस मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये बजावलं होतं. वापरातलं दहाचं नाणं म्हणजे दहाच रुपये, बायांनो.

डब्याच्या तळाशी चार आणे असतील, तर ते ३० जून २०११ पासून बंद झाले. आठ आणे मात्र कायद्याने अजून चालतात, एका वेळी दहा रुपयांपर्यंत. रिझर्व्ह बँकेच्या पन्नाशीला, १९८५ साली, पन्नास पैशांचंही खास नाणं निघालं होतं. ते सापडलं तर ठेवून द्या. आठ आण्यांत आता तसंही काय येतं?