पेशीतली मोडतोड थांबली तर?

आमच्या वस्तीतले एक काका सफाई कामगार म्हणून निवृत्त झाले. वर्षभर त्यांची कंबर दुखत होती. तेल चोळून झाले, शेक घेऊन झाला, दोन-तीन दवाखाने झाले. शेवटी रक्ताची आणि अस्थिमज्जेची तपासणी झाली तेव्हा मल्टिपल मायलोमा निघाला. हा हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत होणारा कर्करोग. त्यांची मुलगी कागद घेऊन आमच्याकडे आली. अर्ज असो, दाखला असो, रेशनकार्ड असो, वस्तीतली माणसे आमच्याकडेच येतात. कागदावर बोर्टेझोमिब हे इंजेक्शन लिहिले होते. ‘हे प्रथिनांचे विघटन थांबवते’ एवढे तिच्या कानावर पडले होते, आणि त्यावरून घरच्यांनी काकांची अंडी-डाळ बंद केली होती! प्रथिने मोडणारच नाहीत तर खाऊन उपयोग काय, असा त्यांचा हिशोब.

आम्ही पडलो कॉमर्सचे. तरीही डॉक्टरांना विचारून आणि जमेल तसे वाचून जे उमगले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, अन्नातली प्रथिने पचतात ती जठरात आणि आतड्यात. तिथे पेप्सिन, ट्रिप्सिन ही विकरे त्यांचे तुकडे करतात. प्रथिने तोडणाऱ्या अशा विकरांना प्रोटिएज म्हणतात आणि त्यांना अडवणाऱ्या पदार्थांना प्रोटिएज इनहिबिटर. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारा असा पदार्थ असतो, म्हणून सोयाबीन नीट शिजवूनच खावे. काकांच्या इंजेक्शनाचा मात्र या पचनाशी संबंध नाही. ते काम करते पेशीच्या आत.

पेशीच्या आतही प्रथिने सतत मोडतात, हे शंभर वर्षांपूर्वी कोणी फारसे मानत नव्हते. एकदा शरीर बांधले की ते यंत्रासारखे टिकते, अशी समजूत होती. जर्मनीतून १९३३ साली अमेरिकेत आश्रयाला गेलेल्या रुडॉल्फ शोनहायमर यांनी ती मोडीत काढली. खुणेसाठी जड नायट्रोजन घातलेली अमिनो आम्ले त्यांनी उंदरांना खाऊ घातली, तेव्हा ती शरीराच्या जुन्या प्रथिनांत जाऊन बसलेली दिसली. म्हणजे जुने निघत होते आणि नवे भरले जात होते. हे काम झाले न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात जिथे शिकले, तेच हे विद्यापीठ.

मग हे मोडण्याचे काम करते कोण? पेशीत दोन जागा आहेत. एक लायसोसोम, म्हणजे आम्लाने भरलेली पिशवी. क्रिस्तियां द दूव यांनी ती १९५५ साली दाखवून दिली. दुसरी जागा प्रोटिएसोम. ही आमच्या कारकुनी भाषेत सांगितली तर चटकन कळेल. सरकारी कचेरीत कागदांचे निंदणीकरण होते. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ‘ड’ वर्गाचे वर्षभराने नष्ट करायचे. पेशीतही कोणते प्रथिन नष्ट करायचे त्यावर शिक्का मारतात. तो शिक्का म्हणजे युबिक्विटिन, ७६ अमिनो आम्लांचे एक चिमुकले प्रथिन. अशा शिक्क्यांची साखळी लागली की ते प्रथिन प्रोटिएसोमच्या पिंपासारख्या पोकळीत ओढले जाते आणि आतल्या कात्र्या त्याचे बारीक तुकडे करतात. तुकड्यांतली अमिनो आम्ले पुन्हा कामी येतात, काही वाया जात नाही. या शिक्क्याच्या शोधासाठी सिकॅनोव्हर, हर्शको आणि रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

बहुतेक प्रथिने लायसोसोममध्येच मोडतात असे अनेकांना वाटे. पण लायसोसोमच्या कात्र्या अडवणारी रसायने पेशीला दिली तरी मोडतोड पुष्कळशी चालूच राही. १९९४ साली हार्वर्डच्या आल्फ्रेड गोल्डबर्ग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोटिएसोमला अडवून पाहिले, तेव्हा बहुतेक प्रथिनांची मोडतोड मंदावली. गंमत अशी की गोल्डबर्ग यांना औषध हवे होते ते आजाऱ्यांचे झिजणारे स्नायू वाचवण्यासाठी. त्यातून निघाले कर्करोगाचे औषध!

ते कसे? मायलोमाची पेशी प्रतिपिंडे तयार करणारी. तिचा कारखाना दिवसरात्र चालतो आणि बिघडलेला मालही त्याच प्रमाणात निघतो. बोर्टेझोमिबमधला बोरॉनचा अणू प्रोटिएसोमच्या मुख्य कात्रीत जाऊन बसतो. कात्री अडली की टाकाऊ प्रथिनांचा ढीग साचतो आणि त्या ढिगाखाली पेशी मरते. साध्या पेशीत माल कमी, म्हणून ती तग धरते. ही अडवणूक कायमची नसते, हळूहळू सुटते. म्हणून दोन इंजेक्शनांमध्ये निदान ७२ तास जावे लागतात. ‘उद्या सुट्टी आहे, आजच टोचून घेऊ’ हे इथे चालत नाही. अमेरिकेत या औषधाला २००३ साली मान्यता मिळाली, आणि २०१९ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

वस्तीत एक कुजबुजही सुरू झाली होती. एच.आय.व्ही.वरच्या लोपिनाविर, रिटोनाविर या गोळ्याही प्रोटिएज इनहिबिटरच आहेत, हे कोणीतरी कुठेतरी वाचले आणि नको तो तर्क काढला. त्या गोळ्या विषाणूची स्वतःची कात्री अडवतात. ती कात्री वेगळी, ही वेगळी. शिवाय एच.आय.व्ही. असता तरी कुजबुजायचे काय कारण होते?

तिसऱ्या महिन्यात काकांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, मग तळवे जळू लागले. काकांनी कोणालाच सांगितले नाही. ‘इंजेक्शन बंद करतील’ ही एक भीती आणि ‘नकोच ते इंजेक्शन’ हा दुसरा विचार, दोन्ही मनात. मुलीला कळले ते त्यांची चप्पल पायातून निसटू लागली तेव्हा. प्रोटिएसोम शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशींत असतो, त्यामुळे या औषधाची झळ दुसरीकडेही लागते. नसांना लागते, रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, अंगावर नागीण उठू शकते. डॉक्टरांना हे ठाऊक असते. नागिणीसाठी ते आधीच गोळी देतात. पण मुंग्या रुग्णाने सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कशा? सांगितल्यावर त्यांनी औषध बंद केले नाही. आठवड्यातून दोनदा होते ते एकदाच केले आणि मात्राही कमी केली. आता जळजळ उतरली आहे, बधिरपणा थोडा उरला आहे.

अंड्याचेही त्याच दिवशी विचारून घेतले. मूत्रपिंडाला इजा झाली असती तर प्रथिने मोजूनमापून द्यावी लागली असती, पण काकांचे रिपोर्ट ठीक होते. डॉक्टर म्हणाले, रोज एक अंडे आणि दोन्ही वेळा डाळ. मुलीने ते इंजेक्शनाच्या तारखांच्या वहीतच लिहून घेतले.