कॉलेजच्या कुंपणातली पाखरे

फेब्रुवारीत सावर फुलते आणि त्याच सुमाराला परीक्षेचे वेळापत्रक लागते. आमच्या कॉलेजात ही जुनी सांगड होती. नोटीस बोर्डापुढे मुलांचा घोळका आणि सावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर भोरड्यांचा. गलका दोन्हीकडे सारखाच. भोरड्या म्हणजे गुलाबी मैना. मध्य आशियातून हिवाळ्यापुरत्या आपल्याकडे येतात, ज्वारीच्या शेतांवर तुटून पडतात, पळस, पांगारा, सावर यांच्या फुलांतला मध पितात आणि ऊन तापले की निघून जातात. मुलांना सुट्टी लागायच्या आत त्यांना सुट्टी!

मी आयुष्यभर हिशेबशास्त्र शिकवले. पुण्यातल्या एका टेकडीच्या पायथ्याला आमचे कॉलेज. त्याचे नाव इथे सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही करायची आहे. पहिला तास सकाळी साडेसातचा असल्याने सातलाच आवारात असायचे, आणि त्या वेळी जागी असायची ती पाखरेच. जमाखर्चाची खोड कुठे जाते? एका जुन्या वहीत पाखरांची रोजकीर्द सुरू केली: तारीख, वेळ, जागा, पक्षी, किती. महिन्याच्या अखेरीस खतावणी. दयाळाचे एक पान, खंड्याचे एक, वेड्या राघूचे एक. सहकारी हसायचे. पण परीट सप्टेंबरच्या अखेरीला आला की ऑक्टोबरात, हे सांगायला स्मरणशक्ती कामाला येत नाही, वहीच लागते.

पाखरांसाठी जंगलात जावे लागते असा आपला समज असतो. शहरातली कॉलेजांची आवारे त्याला अपवाद आहेत, आणि त्याचे कारण साधे आहे. तिथली जमीन एकदा कुंपणात गेली की बराच काळ तशीच राहते. गणेशखिंडीचेच पाहा. आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत ही मुळात मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरसाहेबांची पावसाळ्यातली राहण्याची जागा. सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६०च्या दशकात, तिचे काम निघाले. १८९७च्या २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडला गाठले, ते याच बंगल्यातला समारंभ आटोपून तो परतत असताना. १९४९ साली इथे विद्यापीठ आले. साहेब गेला, पण चारशेहून अधिक एकरांचे आवार आणि त्यातले वड राहिले. वडाला फळे आली की तिथे राखी धनेश उतरतो. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, दार लिंपून टाकते आणि फक्त एक फट ठेवते. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिलांना भरवत राहतो. इतकी मोठी ढोली पाच-दहा वर्षांच्या झाडाला कुठून असणार? ज्या शहरात म्हातारी झाडे नाहीत त्या शहरात धनेशाला घर मिळत नाही, मग वृक्षारोपणाचे कितीही फोटो पेपरात येवोत.

आता वठलेल्या झाडाची गोष्ट.

२०११ साली आमच्याकडे मूल्यमापन समिती यायची होती. प्रवेशद्वाराजवळ एक जुना शिरीष पुरता वाळून उभा होता. पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर मेलेले झाड नको, म्हणून ते पाडायचे ठरले. बातमी मला सांगितली ती माळीमामांनी. रोज सकाळी झाडताना त्यांना त्या झाडाखाली ताजा भुसा पडलेला दिसे. “मॅडम, झाड मेलंय खरं,” ते म्हणाले, “पण त्यात बिऱ्हाडं किती हायेत ते बघा की.”

बिऱ्हाड तांबटांचे होते. चिमणीपेक्षा थोडा मोठा, अंगाने हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, पिवळा गळा. दिसतो कमी, ऐकू येतो फार. पुण्याच्या तांबट आळीत एके काळी दिवसभर जो ठोका चालायचा, त्याच लयीत हा ‘टुक टुक टुक’ करत बसतो. तांबटाच्या चोचीला जिवंत, टणक लाकूड झेपत नाही. त्याला वाळलेली, किंचित कुजलेली फांदीच लागते. तिच्या खालच्या बाजूने नर-मादी मिळून रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, अगदी गोल भोक पाडतात. म्हणजे आपण ज्याला मेलेले झाड म्हणतो ते त्यांच्या दृष्टीने नुकते कुठे राहण्याजोगे झालेले असते.

मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मॅडम, उद्या फांदी एखाद्या मुलाच्या डोक्यात पडली तर जबाबदार कोण?” प्रश्न रास्त होता. झाडाखाली दुचाक्या लागायच्या, मुले तिथेच गप्पा मारत उभी असायची. पाखरांच्या प्रेमात असलेली माणसे असे प्रश्न टाळतात, ते मला पटत नाही. मार्ग निघाला तो दोन गोष्टींमुळे. एक, १९७५च्या झाडांच्या कायद्यामुळे शहरात वाळलेले झाड पाडायलाही परवानगी लागते, आणि ती यायला वेळ लागतो. सरकारी दिरंगाईचे गुण मी तेवढे एकदाच गायले. तेवढ्यात पिले उडाली. दुसरी गोष्ट मामांची: गाड्यांचे लावणे पलीकडच्या भिंतीला न्यावे, वरच्या धोक्याच्या फांद्या उतरवाव्यात आणि दीड पुरुष उंचीचा बुंधा दोर बांधून तसाच ठेवावा. प्राचार्यांनी ते मानले. समितीतल्या कोणी त्या बुंध्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पुढे त्याच्या पोकळीत पिंगळ्यांची जोडी राहिली. भर दुपारी डोळे वटारून मुलांकडे बघत बसायची. २०१७च्या पावसाळ्यात, रविवारी रात्री, बुंधा आपणहून कोसळला.

तक्रार आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. झाडासाठी चार माणसे बोलायला उभी राहतात, झुडपासाठी कोणी राहत नाही. मागच्या कुंपणालगत बोर, करवंद, घाणेरी यांची जाळी माजली होती आणि तिच्यापलीकडे टेकडीपर्यंत सुके गवत. ते सगळे ‘सुशोभीकरणा’त गेले. तिथे हिरवळ आली, पाण्याचे फवारे आले. वहीत त्या वर्षापासून लाव्यांचे पान कोरे आहे. सातभाईंची टोळी वर्षभर इकडेतिकडे फिरली आणि मग दिसेनाशी झाली. हिरवळीवर साळुंक्या आणि गायबगळे येतात, नाही असे नाही; पण ते कुठेही येतात. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची जी सरसकट लागवड झाली, तीही याच जातीची. लांबून सारे हिरवेगार दिसते. आत शिरले की खायला फळ नाही आणि गवतातल्या पाखराला मोकळी जागाही नाही.

हे केवळ आमच्या वहीचे दुखणे नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३च्या अहवालात देशातल्या ९४२ जातींचा आढावा घेतला आहे. मोर आणि कोकीळ वाढले आहेत, आणि माळरानावरच्या, गवताळ प्रदेशातल्या पाखरांची घट चिंता वाटावी इतकी आहे. या अहवालाची मूळ सामग्री ३० हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांनी पुरवलेली, म्हणजे आमच्यासारख्याच रोजकीर्दी.

त्यात भर घालायची सोय आता घराघरात आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना होते. आपल्या देशात ती २०१३पासून आणि कॉलेजांच्या आवारांसाठी खास म्हणून २०१५पासून चालते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनाचा, शेवटचा सालिम अलींच्या. मुलाला किंवा नातीला घेऊन जवळच्या आवारात जावे, आधी रखवालदाराला विचारावे. दुर्बीण नसली तरी अडत नाही. एका जागी निदान पंधरा मिनिटे थांबून दिसेल, ऐकू येईल ते सगळे लिहावे. पहिल्या दिवशी कावळा, पारवा, साळुंकी आणि घार एवढ्यावरच यादी संपली, तरी तिला लाजून ती फाडू नये, पाठवून द्यावी. त्या सकाळी तिथे चिमणी नव्हती, हेही त्याच यादीतून कळते.