मांजराचे पिल्लू घरी आणताना

आमच्या मुळशीत मांजर पाळावे लागत नसे. घरात भाताची कणगी म्हटली की उंदीर आले, आणि उंदरांपाठोपाठ मांजर आलेच. ते माळ्यावर व्यायचे, पिल्ले गावभर व्हायची. आता मुले हट्ट धरतात आणि पिल्लू प्राण्यांच्या संस्थेतून रीतसर दत्तक आणले जाते. वेशीवरच, बावधनला, जखमी आणि बेवारस प्राण्यांवर उपचार करणारा रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आहे. चांगली गोष्ट आहे. माझ्याकडे मात्र या पिल्लांचा विषय बोचकाऱ्यांच्या निमित्ताने निघतो.

पिल्लू खेळते म्हणजे शिकारीचा सराव करते. किती जोराने चावायचे हे ते भावंडांशी मस्ती करताना शिकते. म्हणून दोन महिन्यांच्या आतले पिल्लू आईपासून तोडून आणू नये. त्याला बोटांशी खेळायला लावू नका. काठीला दोरी आणि दोरीला कागदाचा बोळा बांधा. खेळ संपला की दोरी उचलून ठेवा, कारण गिळलेला दोरा आतड्यात अडकतो.

एवढे करूनही ओरखडा निघालाच तर? पहिली गोष्ट, नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे. घड्याळ लावून पंधरा मिनिटे! हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही भरायचे नाही. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो हा समज अजून पुष्कळांचा आहे. मांजरामुळेही होतो, आणि एकदा लक्षणे दिसली की रोगी वाचत नाही. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर टोचतात, म्हणजे त्याआधी ते असुरक्षितच असते. तेव्हा लगेच सरकारी दवाखाना गाठावा. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस केव्हाच गेले. आता दंडात चार-पाच वेळा लस टोचतात, आणि रक्त आले असेल तर जखमेतही वेगळे इंजेक्शन देतात. पिल्लू दहा दिवस नजरेखाली ठेवा, पण त्या दहा दिवसांसाठी लस सुरू करायची थांबू नका. पिल्लू ठणठणीत राहिले तर पुढचे डोस घ्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील.

दुसरा नेहमीचा प्रश्न सासूबाईंचा असतो: "सून गरोदर आहे, मांजर सोडून येऊ का?" नका सोडू. भीती असते ती टोक्सोप्लाझ्मा या जंतूची. तो मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो हे खरे, पण बाहेर पडल्यावर रोग द्यायला त्याला निदान एक दिवस तरी लागतो. विष्ठेची वाळू घरातल्या दुसऱ्या कोणी रोजच्या रोज काढली की धोका फारच कमी होतो. सुनेने त्या वाळूला हात लावू नये एवढेच. अर्धेकच्चे मटण, न धुतलेली भाजी आणि परसातली माती यांतूनही हाच जंतू येतो, त्याचा विचार मात्र कोणी करत नाही.

पावसाळ्यात, आणि मुळशीचा पावसाळा काय सांगावा, पिल्लाच्या कानामागचे केस गोल चट्ट्यासारखे गेले तर ते बहुधा गजकर्ण असते. ते मुलांनाही लागते. दुकानातून विचारून आणलेली मलमे लावू नका; त्यांतल्या अनेकांत स्टिरॉइड असते. चट्टा दबतो आणि नंतर दुपटीने पसरतो. पिल्लाला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, मुलाला आमच्याकडे आणा.

खाण्याचे थोडक्यात: गाईचे दूध पुष्कळ मांजरांना पचत नाही, त्यांना हगवण लागते. निव्वळ दूध-भातावर मांजर तग धरत नाही. त्याला मांस, मासे किंवा त्याचे तयार खाद्य लागतेच. घर शाकाहारी असेल तर हे आधीच ठरवून घ्यावे. आणि पिल्लाला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामोलची गोळी कधीही देऊ नका. आपल्याला चालणारे हे औषध मांजराला विष आहे, अर्ध्या गोळीनेही ते दगावू शकते.

पिल्लू मादी असेल तर चौथ्या-पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते, आणि पुढे दोन महिन्यांत विते. दत्तक घेतानाच तिच्या नसबंदीचे विचारून ठेवा.