सातासमुद्रापलीकडचा संसार – लेखांक ६ : मुलांना बोटीवर चढवताना

१८२५ साली मार्गारेट हॉल दोन लहान मुलांना घेऊन मुंबईहून अमेरिकेला निघाल्या. इथली हवा मुलांना मानवत नव्हती. त्यांचे पती, अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड गॉर्डन हॉल, मागेच राहिले, कारण हातातलं काम टाकून जायला त्यांचं मन घेईना. त्या प्रवासात दोघांपैकी एक मुलगा दगावला. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये हॉल नाशिककडे दौऱ्यावर गेले, तेव्हा तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधं त्यांनी आजाऱ्यांना वाटली. परतीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरीत मुक्काम असताना त्यांनाच पटकीनं गाठलं आणि २० मार्च १८२६ रोजी काही तासांत त्यांचा शेवट झाला. ही बातमी मार्गारेटपर्यंत पोचायला कित्येक महिने जावे लागले.

या मिशनची पहिली माणसं मराठी कशी शिकली आणि त्यांनी छापखाना कसा उभा केला, हे मागच्या दोन लेखांत आलं. आजचा विषय त्यांचं घर. मिशनरींच्या चरित्रांत प्रवचनं, वादविवाद, शाळा यांना भरपूर जागा मिळते, आणि मिळायलाही हवी. पण घरापासून दूर राहण्याची खरी किंमत कुणी मोजली हे पाहायचं असेल, तर त्यांच्या बायकांकडे आणि मुलांकडे वळावं लागतं.

मृत्यू तर पहिल्या दिवसापासून बरोबर होता. १८१२च्या फेब्रुवारीत अमेरिकेतून निघालेल्या पहिल्या तुकडीत हॅरिएट न्यूवेल होत्या. त्यांचं बाळ प्रवासातच जन्मलं आणि काही दिवसांत गेलं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये मॉरिशस बेटावर त्याही गेल्या. वय अवघं १९. त्यांचे पती सॅम्युएल पुढे मुंबईला आले आणि १८२१ मध्ये पटकीनेच वारले. १८३१ च्या अखेरीस अहमदनगरला ठाणं सुरू झालं, आणि वर्ष उलटायच्या आत तिथल्या पहिल्या मिशनरींपैकी हार्वी यांनाही पटकीनं नेलं. पटकी पाण्यातून पसरते हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. बंगला हवेशीर, उंचावर आणि गावाबाहेर बांधायचा, एवढाच उपाय लोकांना माहीत होता.

शिडाच्या जहाजांच्या काळात आफ्रिकेला वळसा घालून अमेरिकेहून मुंबईला यायला चार-पाच महिने लागत. पत्रंही त्याच जहाजांतून येत. म्हणजे आईच्या आजारपणाची चौकशी करावी आणि उत्तर हाती पडेपर्यंत वर्ष सरत यावं. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० साली सुएझला गेली. पुढे टपाल तांबड्या समुद्रातून जाऊ लागलं आणि १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. तेव्हा कुठे मायदेश जरा जवळ आला. तोवर मिशनरी निघत तो बहुधा जन्माचा निरोप घेऊनच.

रोजचा दिवस मात्र फार साधा असे. पहाटे उन्हाच्या आधी फिरणं, घरातली प्रार्थना, मग पंडिताजवळ बसून मराठी. दुपारी हिशेब, शाळामास्तरांचे पगार, पुस्तकांची मुद्रितं आणि बॉस्टनच्या मिशन-कचेरीला पाठवायचे अहवाल. पाऊस सरला की दौरा सुरू होई. बैलगाडीवर राहुट्या, भांडी, पुस्तकं लादून गावोगाव मुक्काम करायचा. बंगल्याच्या व्हरांड्यात सकाळी औषधासाठी माणसं येऊन बसलेली असत, मग तिथला मिशनरी डॉक्टर असो वा नसो. मुलींच्या शाळा, शिवणकामाचे वर्ग, वसतिगृहाचं जेवणखाण हे बहुतेक मिशनरींच्या बायकांकडे असे. पत्नीला सहायक मिशनरी मानत, आणि तिचं काम नवऱ्याच्या नेमणुकीतच धरलेलं असे. या मिशनच्या मुलींच्या शाळांचं श्रेय वाटताना हे विसरून चालणार नाही.

सिंथिया फरार यांची गोष्ट वेगळी. त्या १८२७ मध्ये अविवाहित आल्या, त्या मुलींच्या शाळांसाठीच. आधी मुंबईत, मग नगरला त्यांनी शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची नगरची शाळा पाहिली होती आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढताना ती त्यांच्या डोळ्यांपुढे होती. फरारबाई १८६२ साली नगरमध्येच वारल्या.

ज्यांना मुलं होती त्यांच्यापुढचा पेच अवघड होता. बंगल्यात जन्मलेलं मूल आयेच्या कडेवर वाढे आणि मराठी बोलू लागे. या आयांची नावं अहवालांत फारशी येत नाहीत. खरं तर या मुलांच्या पहिल्या शिक्षिका त्याच. मूल सहा-सात वर्षांचं झालं की आईबापांना काळजी लागे. पटकी आणि तापाची भीती होतीच, शिक्षणाचा प्रश्न होता, आणि मूल अमेरिकेला परकं होईल ही धास्तीही होती. मग ओळखीच्या कुटुंबाबरोबर त्याला बोटीवर चढवून नातलगांकडे पाठवायचं. पुन्हा भेट होई तेव्हा मूल उंचीनं आईएवढं झालेलं असे. काही जणांची भेट झालीच नाही. कर्तव्य म्हणून आईबापांनी हे सोसलं, यात शंका नाही. पण या निर्णयात मुलाला कुणी विचारलेलं नसे, हेही नोंदवायला हवं.

रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ सालचा, मुंबईत भायखळ्याला. त्यांचे वडील आजारी पडून १८५४ मध्ये मायदेशी निघाले आणि समुद्रातच वारले. आईनं मुलांना अमेरिकेत वाढवलं. रॉबर्ट येल विद्यापीठात शिकले आणि १८७४ मध्ये स्वतः मिशनरी होऊन परतले, ते नगरला. तिथे पन्नासेक वर्षं त्यांचं वास्तव्य झालं. दुष्काळातल्या मदतकार्यासाठी त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळालं. त्यांची मुलगी रूथ डॉक्टर झाली आणि तिनं नगरलाच बायकांचं रुग्णालय उभं केलं. कोल्हापूरला काम करणारे रॉयल वाइल्डर यांचा मुलगा रॉबर्ट हाही तिथलाच, जन्म १८६३ चा. अमेरिकेतल्या महाविद्यालयांमधून परदेशी मिशनसाठी तरुण मिळवणारी जी विद्यार्थी चळवळ १८८६ मध्ये सुरू झाली, तिच्या प्रवर्तकांत तो होता. दुरावा सोसलेल्या घरांतूनच पुढची पिढी आली. त्यात इथल्या मातीची ओढ किती आणि वडिलांचं अपुरं काम पुरं करण्याची जबाबदारी किती, हे वेगळं काढता येत नाही.

ताटातूट टाळायचा एक मार्ग डोंगरावर होता. मुंबईकर मिशनरी महाबळेश्वर गाठत. ॲलन ग्रेव्हज हे तर प्रकृतीपायी तिथेच राहिले. दक्षिणेत मदुराईच्या अमेरिकन मिशनरींनी १८४५ मध्ये पळणी डोंगरावर कोडाईकॅनाल वसवलं. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याचे सॅम्युएल फेअरबँक तिकडे जात आणि पक्षी गोळा करत. तिथल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ हा शब्द आजही आहे. त्याच कोडाईला १९०१ मध्ये मिशनरींच्या मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली. आता मुलं वर्षातले बरेच महिने दूर राहत, पण समुद्र आड नव्हता. उन्हाळ्यात आई डोंगरावर जाऊन मुलांजवळ राही.

हे सारं परवडे कशातून? मिशनचा बंगला, नोकरमाणसं, डोंगरावरचा उन्हाळा, ठरावीक वर्षांनी मिळणारी मायदेशाची रजा यांचा खर्च अमेरिकेतल्या मंडळ्यांच्या वर्गणीतून भागे. त्याच मिशनमध्ये काम करणाऱ्या मराठी उपदेशकाचा आणि शिक्षकाचा पगार मात्र त्या मानानं फारच थोडा असे. नगरच्या ख्रिस्ती समाजात या अंतराबद्दल उघड बोललं जाई. कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली. त्या निर्णयाकडे, आणि बंगला व वस्ती यांच्यातल्या या हिशेबाकडे, पुढच्या आठवड्यात वळू.