एक आकडा, किती अज्ञात?

इन्व्हर्टर दहा मिनिटांत मान टाकायला लागला की बॅटरी दुकानात जाते. मेकॅनिक आधी मीटर लावतो, पण त्याचा खरा भरवसा दुसऱ्याच गोष्टीवर असतो. तो एकेका सेलचं बूच काढतो आणि रबरी फुगा दाबून काचेच्या नळीत थोडं अ‍ॅसिड ओढून घेतो. नळीच्या आत एक बारीक दांडी तरंगायला लागते. ती स्थिरावली की तो डोळा पातळीशी आणून वाचतो. पाच सेल 1250 च्या आसपास आणि सहावा 1120 असेल तर पुढचं कुणी विचारायचं नसतं. ‘एका सेलची ग्रॅव्हिटी डाऊन आहे,’ एवढं म्हणून तो बूच लावतो.

ही दांडी म्हणजे हायड्रोमीटर. छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या बऱ्याच धंद्यांचा हिशेब तिच्यावर चालतो. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या बिअर कारखान्यांत ती आहे, गंगापूर-वैजापूरकडच्या दूध संकलन केंद्रांवर आहे, साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांतही आहे. प्रत्येकाची पट्टी वेगळी. साखरवाले ब्रिक्स म्हणतात, बिअरवाले प्लेटो, दूधवाले नुसतं डिग्री. फ्रान्समधला औषधविक्रेता आंत्वान बोमे याने 1768 साली स्वतःची पट्टी काढली, ती काही रासायनिक कारखान्यांत अजून चालते.

रचना साधी. खाली फुगीर भाग, त्यात शिशाचे छर्रे, वर बारीक मान आणि मानेत कागदाची पट्टी. स्वतःच्या वजनाइतका द्रव बाजूला सारेपर्यंत दांडी बुडते, मग थांबते. द्रव जड असला तर थोडाच सारून भागतं, म्हणून ती वर राहते. हलका असला तर खोल जाते. त्यामुळे लहान आकडे मानेच्या वरच्या टोकाला आणि मोठे खाली. खुणाही समान अंतरावर नसतात, खाली जाताना दाटत जातात.

मोजलं जातं ते विशिष्ट गुरुत्व, म्हणजेच सापेक्ष घनता: तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा पदार्थ किती पट जड. पाणी 1, पारा 13.6, सोनं 19.3. हे निव्वळ गुणोत्तर असल्याने त्याला एकक नसतं. मेकॅनिकचे 1250 म्हणजे 1.250, त्याने फक्त दशांशचिन्ह गाळलेलं असतं.

बॅटरीत हा आकडा चोख बोलतो, कारण तिथे मिश्रण दोनच पदार्थांचं आहे: गंधकाम्ल आणि पाणी. बॅटरी वापरली जाते तसं आम्ल शिशाच्या प्लेटांशी जुळतं आणि द्रवात पाणी वाढतं. पूर्ण चार्ज असताना सुमारे 1.28 असलेली घनता उतरत 1.12 च्या घरात येते. अज्ञात एक आणि समीकरण एक, उत्तर सरळ मिळतं. गुंता सुरू होतो तो तिसरा पदार्थ आला की.

बिअरचंच पाहू. माल्ट गरम पाण्यात भिजवून काढलेल्या गोड रसाला वर्ट म्हणतात. त्यात मुख्यतः साखरा आणि पाणी, म्हणून आकडा खरा. समजा तो 1.048 आला. यीस्ट टाकल्यावर काही दिवसांत तो 1.010 वर येतो. साखर संपत आली, हे खरं. पण तिच्या जागी अल्कोहोल आलं आणि त्याची घनता आहे 0.789. ते पाण्यापेक्षा हलकं असल्याने दांडी जास्तच बुडते आणि उरलेली साखर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. शेवटच्या आकड्यावरून एकट्याने काही ठरत नाही. पण पहिला आकडा वहीत असेल तर दोघांतला फरक 131 ने गुणायचा: 0.038 चे साधारण 5 टक्के अल्कोहोल. अज्ञात दोन झाले म्हणून मोजणीही दोनदा केली, एवढंच.

सराफ्यात दांडी चालत नाही, तत्त्व मात्र तेच. दागिना आधी हवेत तोलायचा, मग दोऱ्याला टांगून पाण्यात. 10 ग्रॅम शुद्ध सोनं पाण्यात सुमारे 0.52 ग्रॅमने हलकं भरतं. 22 कॅरटमध्ये तांबं मिसळलं असेल तर ही घट 0.57 च्या आसपास, चांदी मिसळली असेल तर 0.55. तांबं आणि चांदी दोन्ही असतील तर एका आकड्यावरून कॅरट नेमका निघत नाही. आत लाख भरलेल्या दागिन्याला ही कसोटी लावण्यात अर्थच नाही. आणि टंगस्टनची सापेक्ष घनता 19.25, सोन्याला जवळपास लागूनच. वर सोन्याचा मुलामा आणि पोटात टंगस्टन असेल, तर पाण्यातला तराजू काहीच कुरकुर करत नाही. म्हणून क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र लागतं. पण ते पृष्ठभागच वाचतं, त्यामुळे शंका असेल तिथे दागिना वितळवून पाहावा लागतो.

सगळ्यात अवघड हिशेब दुधाचा. त्यात पाणी आहे, पाण्याहून हलकं फॅट आहे आणि पाण्याहून जड असे प्रथिनं, साखर, क्षार आहेत. या जड घटकांनाच एकत्रितपणे एसएनएफ म्हणतात. फॅट आकडा खाली ओढतं, एसएनएफ वर. साय काढून घेतली की दुधाची डिग्री, म्हणजे 1 च्या वरचे हजारांश, वाढून 36 पर्यंत जाते. अशा पाच लिटर दुधात एक लिटर पाणी घातलं तर डिग्री येते बरोबर 30, चांगल्या दुधाची. एकाच खेपेला दोनदा लबाडी केली आणि दुधाची दांडी, म्हणजे लॅक्टोमीटर, खूश.

म्हणून फॅट वेगळं काढावं लागतं. गर्बर पद्धतीत 10.75 मिलिलिटर दूध, 10 मिलिलिटर गंधकाम्ल आणि 1 मिलिलिटर अमाइल अल्कोहोल बुटिरोमीटर नावाच्या खुणांच्या नळीत भरून यंत्रात गरगर फिरवतात. आम्ल प्रथिनं विरघळवतं, हलकं फॅट वर येतं. ते आम्लही मोजूनच घ्यावं लागतं: सापेक्ष घनता सुमारे 1.81. त्याहून तीव्र असलं तर फॅट करपतं, सौम्य असलं तर प्रथिनं पुरती विरघळत नाहीत.

दांडी वाचण्याचेही नियम आहेत. ताज्या धारेच्या दुधात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, त्यात डिग्री कमी लागते. थोडा वेळ थांबावं लागतं. दूध अपारदर्शक असल्याने द्रवाचा वरचा काठ वाचतात. तापलेलं दूध हलकं होतं, म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापमानाची दुरुस्ती टाळून चालत नाही. लॅक्टोमीटर कोणत्या तापमानाचा हे त्यावर छापलेलं असतं, कुठे 15.6 अंश, कुठे 27. दुरुस्त केलेल्या आकड्याला सीएलआर म्हणतात.

एसएनएफ सहसा थेट मोजत नाहीत, ते फॅट आणि सीएलआरवरून काढतात आणि पैसे त्यावर ठरतात. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून बोलला जातो. खाली गेलं की पॉइंटमागे, म्हणजे दर 0.1 मागे, कपात. देशात सूत्रं एकापेक्षा जास्त चालतात. एकात सीएलआरचा चौथा भाग, त्यात फॅटची 0.25 पट आणि 0.44 मिळवायचे, दुसऱ्यात फॅटची 0.21 पट आणि 0.36. सीएलआर 29 आणि फॅट 3.5 असेल तर पहिलं देतं 8.57, दुसरं 8.35. दूध तेच, दांडीही तीच, आणि एका सूत्राने ते पास तर दुसऱ्याने दीड पॉइंट कमी. म्हणून संकलन केंद्राच्या भिंतीवर दरपत्रकाशेजारी सूत्र आणि लॅक्टोमीटरचं तापमानही लिहिलेलं असावं. मग आपल्या दुधाचा हिशेब उत्पादकाला स्वतः मांडून पाहता येईल. त्याला भागाकार येतोच.